फोलपटांचा काढा

“फोलपट म्हंजे काही कांदा नाही,” दाजी म्हणाले आणि बोलता बोलता त्यांनी आणखी एक गरम भजं तोंडात टाकलं.

“मग काय भोपळा?” मंदाताई कढईपाशीच बसून होती. “कांद्याचं फोलपट ते कांदाच. परवा एकादशी. तिथून चार महिने काढा बंद. भांडंसुद्धा घासून पालथं घातलंय मी.”

मंदाताई माझी थोरली बहीण, आणि दाजी म्हणजे तिचे यजमान, रंगनाथ बोरस्ते. निफाडच्या बाजूला त्यांची कांद्याची आडत होती. त्या दिवशी कांदेनवमी होती. चातुर्मासात कांदा-लसूण सोडायचा, म्हणून सोडण्याआधी एक दिवस पोट फुटेस्तोवर खाऊन घ्यायचा, अशी ही आपली सोयीस्कर रीत. बोरस्त्यांकडे ती थाटात व्हायची. भजी, थालीपीठं, भरल्या कांद्याचं कालवण, वर तोंडी लावायला बुक्कीने फोडलेला कांदा. मी तेव्हा नाशिकला शाळेत शिकवायचे. बाकी सणांना गेले नाही तरी कांदेनवमीला ताईकडे जायचं मी चुकवत नसे.

दाजी खाण्याच्या बाबतीत देवमाणूस. पंगतीत त्यांच्या शेजारी बसलं की आपल्यालाही दोन घास जास्त जायचे. देह आडवातिडवा, आवाज बाजार समितीच्या आवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. लिलाव तेच पुकारायचे. त्यांच्या लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप खराब झाली होती, ती पन्नाशीच्या आत पार निकामी झाली, आणि काही वर्षांपूर्वी नाशिकला छाती उघडून तिच्या जागी धातूची झडप बसवावी लागली. तेव्हापासून रोज एक रक्त पातळ ठेवणारी गोळी. धातूवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून. ती गोळी कमी पडली तरी धोका, जास्त झाली तरी धोका, असं डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं.

ऑपरेशन चालू असताना ताई बाहेर बाकावर बसून सप्तशृंगीच्या गडाकडे तोंड करून बोलली होती, “आई, यांना उठव. हे असेपर्यंत आम्ही दोघं चातुर्मास कडक पाळू.” दाजी उठले. मग ते दर वर्षी पाळणं आलंच. कांद्याचा व्यापारी चार महिने कांदा तोंडात घालत नाही, यावरून बाजारात त्यांची यथेच्छ चेष्टा व्हायची आणि तीही त्यांना आवडायची.

“मास्तरीणबाई, तुम्ही सांगा,” दाजी माझ्याकडे वळले. “आंब्याची साल आपण फेकतो. मग साल म्हंजे आंबा का?”

“मला तुमच्या भांडणात घेऊ नका,” मी म्हणाले. “आणि काढा कसला पिता तुम्ही?”

“घ्या! तुम्हाला माहीतच नाही का? प्रफुल्लचं औषध.”

प्रफुल्ल त्यांचा पुतण्या. पुण्याला एका फार्मसी कॉलेजात शिकवायचा आणि तिथेच उंदरांवर काहीबाही प्रयोग करायचा. मागच्या हिवाळ्यात तो काकांच्या खळ्यावरून लाल कांद्याच्या फोलपटांची पोती भरून घेऊन गेला होता, तेव्हा गावाला वाटलं होतं पोराला वेड लागलं. त्याचं म्हणणं असं की, चरबी अंगात नुसती गप पडून राहत नाही, ती आतून धुमसत असते. वजनाने सुटलेल्या माणसाच्या अंगात बारीक सूज कायमची असते, आणि त्यातूनच गुडघे, साखर, हृदय, सगळी दुखणी. कांद्याच्या फोलपटात, म्हणजे जे आपण उकिरड्यावर टाकतो त्यात, फ्लेव्होनॉईड नावाचं द्रव्य गरापेक्षाही जास्त. तूप खाऊ घालून लठ्ठ केलेल्या उंदरांना त्याने त्याचा अर्क दिला. उंदीर लठ्ठ ते लठ्ठच राहिले, पण आतली सूज उतरली.

“मी म्हणलं, मला तेच पायजे,” दाजी हसत हसत म्हणाले. “लठ्ठच राहायचं आन् सूज उतरवायची. असं औषध कोणता डॉक्टर देतो?”

“तो म्हणाला होता, हे उंदरांचं आहे, माणसांचं नाही. डॉक्टरांना विचारल्याबिगर घेऊ नका,” ताई म्हणाली.

“उंदराला पचतं ते मला पचंना का?”

आणि पचलं होतं, हेही खरं. माघ महिन्यापासून ताई रोज सकाळी मूठ-मूठ फोलपटं आलं घालून उकळायची आणि दाजी पेलाभर लालभडक पाणी पिऊन टाकायचे. उन्हाळा येईपर्यंत गुडघ्यांची सूज ओसरली. जिना चढताना कठड्याला धरायचे ते सोडलं. हुरूप येऊन रात्रीचं जेवणही कमी केलं, तशी ढेरी आत गेली. रक्ताच्या तपासणीत सुजेचा आकडा खाली आला, तेव्हा त्यांनी तो कागद बाजारभर दाखवला.

सगळ्यांचं खाणं थांबून जरा शांतता झाली आणि मला तो आवाज आला. टिक, टिक, टिक. दाजींच्या छातीतली झडप वाजायची. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकले होते. डॉक्टर म्हणाले होते, घाबरू नका, आवाज येतोय हेच चांगलं. अंगावरचं मांस उतरल्यामुळे की काय, त्या दिवशी तो नेहमीपेक्षा मोठा येत होता, पार चुलीपर्यंत.

“मला तर ते ऐकवत नाही,” ताई हळूच म्हणाली. “आतमधी बसून कोणी मोजू राहिलंय, असं वाटतं.”

माझ्या मनात वेगळंच आलं. दोन महिन्यांपूर्वी नाशिकला डॉक्टरांकडे मीच त्या दोघांबरोबर गेले होते. दाजींच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, दंडावर काळेनिळे डाग उठत होते. डॉक्टर म्हणाले, रक्त फारच पातळ झालंय. त्यांनी ताईला विचारलं, नवीन काही औषध? काही आयुर्वेदिक, काही झाडपाला? खाण्यात काही बदल? ताई ठामपणे नाही म्हणाली होती. मग डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. पुढच्या खेपेला रक्त बरोबर जागेवर आलं होतं, आणि आता काही त्रास नसेल तर सावकाश या, असं त्यांनी सांगितलं.

“ताई, तू डॉक्टरांना हा काढा सांगितला होतास?”

“काढा कुठला? कांदा गं.” ती खरोखरच गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. “त्यांनी औषध विचारलं, झाडपाला विचारला. पालेभाजी मी घरात येऊ देत नाही, गोळीला चालत नाही म्हणून. पण कांदा काय सांगायचा? बोरस्त्यांच्या घरात कांदा म्हंजे बदल का?”

दाजी खो खो हसले. मीही हसले. पण जेवणानंतर परसात ते पितळी पातेलं पालथं घातलेलं दिसलं, तेव्हा मला उगीचच बरं वाटलं नाही. का, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

श्रावण लागल्यावर एका रविवारी मी मुक्कामाला म्हणून पुन्हा गेले. दाजी घरी नव्हते. ताईचा चेहरा मात्र उजळलेला होता. मला आत ओढून नेत ती म्हणाली, “रोहिणी, एक गंमत सांगू? आवाज बंद झाला.”

“कसला आवाज?”

“अगं, छातीतला! चार-पाच दिवस झाले. आधी बारीक झाला, मग नाहीच. यंत्र अंगात मुरलं बघ. मी म्हणलंच होतं, चातुर्मास पावणार. किती वर्षांनी मला झोप लागली.”

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. ‘आवाज येतोय हेच चांगलं’ हे डॉक्टरांचं वाक्य मला आठवलं, आणि त्याच्या उलट काय होतं तेही कळलं.

“दाजी कसे आहेत?”

“बरे आहेत. जरा धाप लागती. उपासाने होतं तसं. रातचं उशाला दोन उशा घेतात.”

तेवढ्यात दाजी आले. उंबऱ्यात थांबून त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला आणि श्वास घेतला. मला बघून नेहमीसारखे हसले, पण बोलायला क्षणभर लागला. “या... मास्तरीणबाई.”

“दाजी, जरा गप्प बसा. काही बोलू नका.”

“हे आपलं नवीनच. साळी आली आन् मला गप्प बसवती.”

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. साळीने दाजीच्या छातीला कान लावायचा हे आमच्यात शोभणारं नव्हतं, पण मी लावला. लांब कुठेतरी, रजईखाली काही दाबून ठेवावं तसं, काहीतरी हलत होतं. वाजत मात्र नव्हतं. ओठांकडे बघितलं तर ते फिकट जांभळे झाले होते.

“आत्ताच्या आत्ता नाशिकला जायचं,” मी म्हणाले.

“रविवारचं कोण भेटतं? उद्याचा लिलाव काढतो, आन् मग जाऊ. सोमवारी ट्रॉल्यांची रांग लागलेली असती, लोक माझ्या भरवशावर माल आणतात.”

“उद्या नाही दाजी, आज.”

“ताई तुमची बघा कशी आनंदात आहे. तिला कशाला घाबरवता?” ते खालच्या आवाजात म्हणाले. त्या एका वाक्यावरून मला समजलं की त्यांनाही आतून काहीतरी उमजलं होतं. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी भडभडून आलं.

मी भांडले, रडले, पण माणूस हलला नाही. सकाळी मी उठायच्या आत ते बाजारात गेलेले. ताई देवापुढे बसलेली. मी प्रफुल्लला फोन लावला. आवाज गेल्याचं, डॉक्टरांनी गोळी निम्मी केल्याचं सांगितलं. मग त्याने विचारलं, “मावशी, काकांचं रक्त शेवटचं तपासलं, तेव्हा ते फोलपटांचा काढा घेत होते?”

“हो. रोज.”

“गोळी निम्मी केली तीही तेव्हाच?”

“हो.”

“आणि आता काढा बंद. गोळी निम्मीच.” हे त्याने विचारलं नव्हतं, स्वतःशीच म्हटलं होतं. मग त्याचा आवाज चढला. “काढ्यामुळे गोळीचा जोर वाढत असणार, म्हणून निम्मी पुरत होती. मला वाटलं होतं चार दिवसांत कंटाळतील, मावशी. मला काय माहीत ते खरंच पितायत! झडपेवर गुठळी धरलीय. त्यांना चालू देऊ नका. ओरडू देऊ नका. आत्ता निघा.”

ओरडू देऊ नका, असं तो म्हणाला, आणि दाजी त्या वेळी लिलाव पुकारत होते.

मी ताईला देवापुढून उठवलं. बाजाराचं आवार घरापासून जवळच. आम्ही दोघी जवळजवळ पळतच गेलो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या होत्या, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत होता. दाजींचा आवाज लांबूनच आला. तो ऐकून ताई थांबली, म्हणाली, “बघ, किती खणखणीत आहे. तू उगीच...”

भाव चढत होता. दाजी आकडा पुकारत, मग पुढचा. पुढच्या आकड्याच्या मध्येच आवाज तुटला. व्यापाऱ्यांना वाटलं ते मुद्दाम थांबले, भाव वाढवायला थांबायची त्यांची सवयच होती. सगळे हसत त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. त्या माणसांच्या फटीतून मला दिसलं की दाजींचा हात वर होता आणि तोंड उघडं होतं. मग ते ट्रॉलीच्या चाकाला पाठ लावून खाली बसले. कांद्याच्या उडालेल्या फोलपटांतच.

नाशिककडे जाणाऱ्या गाडीत त्यांचं डोकं ताईच्या मांडीवर होतं. मी पायाशी बसले होते. श्वासाबरोबर घशातून पाण्यासारखा आवाज येत होता. चांदोरी गाव मागे पडल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“रोहिणी,” आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली, “बघ गं... वाजतंय का?”

ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत डोळे घालणं मला जमलं नाही. मी वाकून कान लावला.

“वाजतंय, दाजी.”

“मंग ठीक,” ते म्हणाले.

दवाखान्यात तेच डॉक्टर होते. त्यांनी छातीचं यंत्र लावून बघितलं आणि धावपळ सुरू झाली. झडप गुठळीने जवळपास अडकली होती, फुप्फुसांत पाणी भरत होतं. पुन्हा छाती उघडण्यावाचून इलाज नव्हता. त्यांना आत नेण्याआधी डॉक्टर बाहेर आले.

“गोळी चुकली होती का?”

“एकही नाही,” ताई म्हणाली. “देवाची शपथ. मी स्वतः देते.”

“मग काही तरी बदललंय. काय बदललंय, मला सांगा.”

ताईने मान हलवली, आणि तशीच अर्ध्यावर थांबवली. मी काढ्याचं सांगायला लागणार, तेवढ्यात ती माझ्याआधी बोलली, शब्द एकेक करून.

“कांद्याच्या फोलपटाचं पाणी प्यायचे, डॉक्टर. माघापासून. एकादशीला मी बंद केलं.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “मी विचारलं होतं हो, बाई.”

“तुम्ही औषध विचारलं होतं,” ताई म्हणाली. “मी कांद्याला औषध कुठं समजत होते.”

दुपार सरली. प्रफुल्ल पुण्याहून येऊन आमच्यासमोरच्या भिंतीशी उभा राहिला, बसला नाही. ताई या वेळी गडाकडे तोंड करून बसली नव्हती. तिने काही मागितलंही नाही. चार वाजून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले, टोपी हातात काढलेली. काही सांगावं लागलं नाही.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. बाजारातले हमाल, व्यापारी, शेतकरी, सगळे आले होते. गोडाचं जेवण झालं, पंगती उठल्या. शेवटी घरच्या बायका बसल्या. ताईच्या पुढे ताट आलं. तिने पोळी बाजूला केली आणि भाकरी मागितली. कोणीतरी कालची शिळी आणून दिली. मग ती उठली, मागच्या कांदाचाळीत गेली, आणि एक मोठा कांदा घेऊन आली. सगळ्यांसमोर पाटावर ठेवून तिने तो बुक्कीने फोडला.

दाजींचे थोरले भाऊ ओसरीवरून म्हणाले, “मंदा, चातुर्मास चाललाय.”

“चाललाय, अण्णा.”

“तू गडावरच्या आईला बोललेली आहेस.”

“ते असेपर्यंत, असं बोलले होते,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, भाजीत मीठ टाकलं का विचारावं तसा. “त्यांच्या जिवासाठीच धरला होता ना? त्यांच्याच जिवावर उठला. आता कोणासाठी पाळू?”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं तिला आवरावं, आणि मला वाटलं तिला कोणीही आवरू नये. मी जागची हलले नाही.

प्रफुल्ल दाराच्या मागे उभा होता. तेरा दिवस तो त्या घरात असाच कोपऱ्याकोपऱ्यातून वावरत होता, कोणी हाक मारली तर दचकायचा, जेवायला बसला तर दोन घासांवर उठायचा. ताईने त्याला बोलावलं. तो येऊन तिच्यासमोर बसला, मान खाली. तिने भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर कांद्याची फोड ठेवली आणि त्याच्यापुढे धरली.

“काकू, मला नको,” तो म्हणाला.

ताईने हात मागे घेतला नाही.

“खा रे,” ती म्हणाली. “आता याने कोणाला काही व्हायचं राहिलं नाही.”